जिथे पाणी चढत नाही

झाशीला गाडी बदलली तेव्हा नुसती थंडी होती. कानपूर सुटल्यावर धुकं आलं, आणि गंगेचा पूल आला हे मला डब्याखालच्या आवाजावरून कळलं. समोरच्या बाईंनी खिडकीकडे तोंड करून हात जोडले. बाहेर पांढऱ्या भिंतीशिवाय काही नव्हतं. त्यांच्यावर विश्वास ठेवून मीही जोडले.

उन्नावच्या पुढे धुकं गुडघाभर उचललं आणि रुळालगतचा गहू दिसू लागला. नव्या मुलखात शिरताना जाणकार प्रवासी घुमट आणि कळस शोधतात. मी सोलापूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात अर्धं आयुष्य घालवलेली बाई. माझी नजर पिकाच्या ओळींमधल्या जागेत जाते. पीक हल्ली सगळीकडे सारखंच असतं, एका उंचीचं, गणवेश घातल्यासारखं. त्याच्या पायाशी काय उगवलंय त्यावरून मालक कळतो. तो पाणी किती देतो, नांगर किती खोल घालतो, खुरपायला बायका लावतो की पंप पाठीला अडकवून औषध मारतो, हे सगळं तण सांगून टाकतं. मालकाला विचारलं तर तो वेगळं सांगतो.

लखनौला जायला निमित्तं दोन होती. तणनियंत्रणावर तिथे एक परिसंवाद होता आणि त्यात मला निबंध वाचायचा होता. विषय असा की, कालव्याचं पाणी आल्यावर रब्बी ज्वारीच्या रानातली जुनी तणं कशी जातात आणि नवी कशी येतात. यासाठी मी काही वर्षं जी रानं पाहत होते त्यांतलं एक आमचंच होतं, माढा तालुक्यातलं, टेकाचं रान म्हणतात ते.

दुसरं निमित्त माझी थोरली बहीण. ताई लग्न होऊन उत्तरेकडे गेली ती तीसएक वर्षांपूर्वी. भाऊजी रेल्वेत इंजिनियर. निवृत्त झाल्यावर विकास नगरात घर बांधून राहिले, आणि आता ताईच्या मनानं घेतलं होतं की घर विकायचं आणि गावी जायचं. टेकाच्या रानाच्या कडेला दोन खोल्या बांधायच्या. आमचा भाऊ अण्णा शेती बघतो, त्यानं 'कधीही ये' म्हटलं होतं. घराला गिऱ्हाईकही आलं होतं. फोनवर ताई म्हणाली, "तू एकदा येऊन जा. मग मी शेवटचं हो म्हणते."

तिनं यावं असं मला फार वाटत होतं. सोलापुरात मी एकटी राहते. संध्याकाळी कुलूप उघडून आत गेल्यावर पहिला आवाज आपलाच येतो, तोही रेडिओ लावेपर्यंत. गावी ताई असती तर शनिवारी एस.टी.त बसलं की झालं. अडचण एवढीच होती, की ज्या रानासाठी ती येत होती ते रान आता नव्हतं. अण्णानं टेकापर्यंत पाणी चढवून सगळा ऊस केला होता.

ताईला ऊस आल्याचं माहीत होतं. पण रेल्वेवाल्यांचं माहेर उन्हाळ्यातलं असतं. शाळेला सुटी लागली की पास काढून यायचं. मे महिन्यातलं नांगरलेलं ढेकूळरान तिनं पुष्कळदा पाहिलं होतं. पौषातलं रान लग्नानंतर एकदाही नाही, आणि गेली काही वर्षं तर मे महिन्यातही येणं झालं नव्हतं. अण्णा फोनवर "रान झकास आहे" म्हणायचा, आणि त्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं. ऊस आला की ज्वारी जाते हे कुणालाही कळतं. ज्वारीबरोबर पाथरी जाते हे कुणाच्या मनातही येत नाही.

पाथरी म्हणजे जमिनीला चिकटून पसरणारं, दातेरी पानांचं, मोडलं की दूध येणारं तण. आमच्याकडे थंडीत ती कच्चीच खातात, भाकरीबरोबर. रान मालकाचं, पण पाथरी खुरपणाऱ्या बाईची, असा रिवाज होता. आम्ही मालकाच्या मुली असूनही त्या बायकांच्या ओळीत बसून खुरपायचो, कारण एरवी आम्हाला ती मिळायची नाही.

चारबाग स्टेशनच्या इमारतीवर इतक्या छत्र्या आणि घुमट आहेत की आत तिकीट मिळतं की दरबार भरतो हे पटकन ठरवता येत नाही. भाऊजी माकडटोपी घालून उभे होते.

"मेहुणीबाई, खात्याची अब्रू राखलीत. या धुक्यात एवढ्याच उशिरानं येणं म्हणजे वेळेवरच." माझी पिशवी उचलून ते म्हणाले, "यात काय दगड आहेत?"

"ज्वारीचं पीठ."

"मग दगडांपेक्षा मौल्यवान," असं म्हणून त्यांनी ती हमालाला देण्याचं नाकारलं, आणि गाडीपर्यंत पोचेपर्यंत दोनदा खाली ठेवली. 'पहिले आप' या शहराच्या कीर्तीची गोष्ट मी ऐकली होती. स्टेशनबाहेर रिक्षा, टेम्पो, टांगे आणि एक बैल एकाच फटीतून निघायला बघत होते आणि कुणीही कुणाला तसं म्हणत नव्हतं.

गोमती ओलांडून विकास नगरात पोचलो. ताई दारातच होती, स्वेटरवर शाल, शालीवर आणखी एक शाल. तिनं मला जवळ घेतलं आणि लगेच पीठ हुंगून पाहिलं.

"मालदांडीचं?"

"दुसरं कुठलं आणीन?"

"मीनल, मावशीला चहा दे गं."

"मावशी, आप रजाई में बैठिए ना, मैं लाती हूँ," भाची म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर हिंदीत येतं, पावतीसारखं.

त्या दिवशी ताईनं ताकातला चाकवत केला होता. आमच्याकडे चाकवत वाफा करून, बी पेरून घेतात. इथे तोच बथुआ म्हणून गव्हात आपोआप येतो आणि शेतकरी त्याला उपटून टाकतो. बायका तो गोळा करून शहरात विकतात. तण ही काही झाडाची जात नव्हे, तो त्याचा पत्ता आहे. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं लिहून घेतात. ताईला सांगितलं तर म्हणाली, "आधी गरम आहे तोवर खा."

जेवताना ती दोन खोल्यांबद्दल बोलत होती. दार कुठल्या बाजूला करायचं, चूल बाहेर की आत. "उठलं की समोर ज्वारी. दव असेल अजून. यांना म्हटलंय, तुम्ही तुमचा पेपर घेऊन बसा, मी रानात जाऊन पाथरी आणते आणि मग चहा."

"आणि मी रानात बसून पेपर कसला वाचणार?" भाऊजी म्हणाले. "परवाचा?"

"इथे तरी ताजं काय वाचता? रिटायर झालेल्यांच्या वाढदिवसांचे फोटो."

मी ताक भुरकत होते. बोलायला ती जागा चांगली होती. मी आणखी थोडं वाढून घेतलं.

परिसंवादाला ताई येणार होती, माझं ऐकायला. रात्रभर मला त्याची काळजी होती. सकाळी गिऱ्हाइकाचा निरोप आला की तो बायकोला घेऊन घर बघायला येतोय, आणि ताई राहिली. ताई माझं ऐकायला येणार नाही म्हणून मला हायसं वाटावं, अशी ती विचित्र सकाळ होती.

उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे बऱ्याच उशिरानं आले. समईच्या वाती पेटेनात. पाहुण्यांच्या हातातली मेणबत्ती त्यांच्याच शालीच्या वाऱ्यानं विझत होती. शेवटी माइकवाल्यानं खिशातून लायटर काढून दिला आणि ज्ञानाचा प्रकाश पडला. मग पुष्पगुच्छ आले. गुलाबांच्या मध्ये भरीला बारीक पांढरी फुलं खोचली होती, ती गाजरगवताची होती. देशातलं सगळ्यात बदनाम तण तणनियंत्रणाच्या उद्घाटनाला थेट व्यासपीठावर बसलं होतं आणि पाहुणे त्याचा वास घेत होते. सभागृहात शंभरभर तणतज्ज्ञ होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे म्हणाले, तण देशाचा शत्रू आहे, त्याला मुळापासून उखडलं पाहिजे. मग गुच्छ घेऊन गेले.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. तराईकडून आलेल्या एका तरुण शास्त्रज्ञानं गेहूँसा (गव्हासारखं दिसणारं गवत) या तणावर निबंध वाचला आणि तो फार चांगला होता. भातासाठी चिखल करून पाणी साठवलं की कोरड्या रानातल्या तणांचं बी कुजतं, तो सांगत होता. गेहूँसाचं बी मात्र पाण्याखाली निवांत पडून राहतं, आणि भातामागून गहू पेरून पाणी दिलं की उठतं. दिसतो गव्हासारखा, म्हणून खुरपणाऱ्या हातातून सुटतो. ओंबी आल्यावर ओळखू येतो, तोवर उशीर झालेला असतो. आणि एकच औषध दरवर्षी मारत गेलं, की त्यानं न मरणारेच तेवढे मागे उरतात. "हमने इसे बुलाया नहीं," तो म्हणाला, "लेकिन बिस्तर हमने ही बिछाया है."

पाहुण्यांचा उशीर आमच्या वाट्यातून कापला गेला. मला पाच मिनिटं मिळाली. टेकाचं रान बुडवायला कालव्याला काही वर्षं लागली होती. मी ते पाच मिनिटांत बुडवलं.

घरी आले तेव्हा ताई ओट्याशी उभी होती. "त्याच्या बायकोला घर आवडलं," ती म्हणाली. "पडदेसुद्धा ठेवून जा म्हणाली." मग थोड्या वेळानं, "मालू, मला रान बघायचंय. हो म्हणायच्या आधी एकदा पौषातलं रान बघू दे."

"इथलं?"

"इथलंच. इतकी वर्षं इथे आहे, रेल्वे क्लब माहीत आहे, गंज बाजारातली दुकानं माहीत आहेत. शेतात पाऊल नाही टाकलं कधी."

भाऊजींच्या हाताखाली काम केलेले दुबेजी निवृत्तीनंतर शेती करत होते. कुर्सी रोडनं बाहेर पडून आत एका गावात त्यांचं घर. त्यांना फोन झाला आणि दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या जुन्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. मीनल आली नाही. "खेत में क्या देखना है, मावशी?" तिनं अगदी मनापासून विचारलं. ताईनं भाकऱ्या आणि शेंगांची चटणी बांधून घेतली होती.

शहर संपल्यावर रस्ता अरुंद झाला आणि धुक्यातून एकदम उसाची ट्रॉली समोर आली. तिला वाट देताना आमची चाकं कडेच्या चिखलात गेली. ट्रॉलीवाला खाली उतरला, आमच्याकडे दयेनं पाहिलं आणि म्हणाला, "बाबूजी, स्टेअरिंग आप सँभालिए, बाक़ी हम देख लेंगे." मी आणि ताई ढकलायला उतरलो तर त्याला ते बरं वाटेना. बायकांनी चिखलात उतरू नये म्हणून त्यानं आम्हाला एकेक ऊस काढून दिला आणि बाजूला उभं केलं. ताई ऊस हातात धरून त्या ट्रॉलीकडे बघत राहिली.

"अण्णाचाही असाच जात असेल ना कारखान्याला?"

"असाच," मी म्हटलं.

"बरं झालं बाई. फार काढलं त्यानं कोरड्या दिवसांत."

दुबेजी मिशा पिळलेले, करड्या कोटातले, निवृत्त होऊनही शिट्टी खिशात ठेवणारे गृहस्थ निघाले. त्यांनी चहा दिला, मटार परतून दिले, आणि मग ट्यूबवेल दाखवली, जशी कुणी दिवाणखान्यातली तलवार दाखवतं. पुढे त्यांचा गहू होता, हिरवागार, एका पातळीत कापल्यासारखा.

"बहिनजी, इसमें एक तिनका घास दिखा दीजिए, तो मूँछ मुड़वा दूँ."

मी खाली वाकले आणि एक रोप उपटून दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं. "ये तो गेहूँ है."

"बुडाशी मोडून बघा. तांबूस आहे. गव्हाचं असं नसतं," मी माझ्या हिंदीत म्हटलं.

त्यांनी मोडलं. बराच वेळ बघितलं. "गेहूँ ही है," ते म्हणाले, "ज़रा नाराज़ है."

"दुबेजी, मूँछ," भाऊजी म्हणाले.

"बाबूजी, ठंड उतर जाए. अभी होंठ को सर्दी लग जाएगी."

ताई हसली. रानात आल्यापासून ती जरा वेगळीच चालत होती. पाऊल टाकण्याआधी खाली बघून, रोप चुकवून. हे लखनौतल्या फरशीवर इतकी वर्षं तिनं कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

बांधावरून तीन-चार बायका आल्या, कडेवर टोपल्या. त्यांच्यातल्या एकीनं गव्हाकडे बघून हाक दिली, "पंडितजी, दवा पड़ी है का?"

"पड़ी है, पड़ी है. ऊपर जाओ."

मी दुबेजींना विचारलं तेव्हा कळलं की या भागात कुणीही कुणाच्याही गव्हातला बथुआ खुडावा, मालक हरकत घेत नाही. त्याची फुकटात खुरपणी होते. औषध मारायला लागल्यापासून बायका आधी विचारतात. "पहले पूछना नहीं पड़ता था," दुबेजी म्हणाले. आणि त्या वर कुठे गेल्या, असं विचारल्यावर ते जरा ओशाळले. "अरे, उधर क्या देखिएगा. ऊँचा टुकड़ा है, पानी चढ़ता नहीं. चना-जौ छींट देते हैं, जो हो जाए. वहाँ तो भगवान भी आलस करते हैं."

ताई तोपर्यंत बायकांच्या मागून निघाली होती.

वरचं रान लहान होतं. हरभरा आणि जव एकत्र विसकटून पेरलेले. एकाला वाचवणारं औषध दुसऱ्याला मारतं, त्यामुळे तिथे कुठलंच मारता येत नव्हतं. ट्रॅक्टर त्या चढावर उलटेल म्हणून बैलाच्या नांगरानं वरवर नांगरलेलं होतं. माती कोरडी, भेगा पडलेली. पिकाच्या पायाशी बथुआ होता, हरणखुरीची वेल होती, निळ्या बारीक फुलांचं काहीतरी होतं. एखाद्या गावात शाळेत सोबत असलेले सगळे एकदम भेटावेत तसं मला झालं.

"मालू."

ताई खाली बसली होती. तिच्या अंगठ्यावर दुधाचा थेंब होता.

"पाथरी," ती म्हणाली.

"हो."

"इथे?"

पानं जमिनीला घट्ट चिकटून पसरली होती. बथुआ खुडणारी बाई आमच्याकडे बघून म्हणाली, "ई तौ बकरी खाति है, अम्मा." ताई म्हणाली, "हम भी खाते हैं," आणि बायका एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावून हसल्या. ताईनं तिथेच डबा उघडला. पाथरीची पानं झटकली, शेंगांच्या चटणीबरोबर भाकरीत गुंडाळली आणि एक घास मला दिला. कडसर, आणि मागून थंड. खाली भाऊजी आणि दुबेजी मिशांवरून अजून वाद घालत होते.

"कशी काय गं आली असेल इथे?"

आणि मी सांगायला लागले. इतकी वर्षं शिकवून दुसरं काय होणार. "आली नाही, गेली नाहीये. पूर्वी खालच्या रानातही असणार. इथे पाणी चढत नाही म्हणून टिकली. नांगर वरवरचा, त्यामुळे मुळी तुटली तरी पुन्हा फुटते. औषध नाही. पिकाची सावली विरळ, ऊन मिळतं. पाणी मिळालं की मग ही जागा दुसऱ्यांची होते, ही काही..."

मी थांबले, पण तोवर फार सांगून झालं होतं. ताईचा चावण्याचा वेग कमी झाला होता.

"म्हणजे पाणी आलं की जाते."

"हं."

"आपल्याकडे कालवा आला."

"हं."

"टेकावर चढलं पाणी?"

"अण्णानं मोटर बसवली. चढलं."

"सगळ्या रानात?"

"सगळ्या."

ती भाकरीच्या कडेचा तुकडा मोडत होती. "ज्वारी अजिबात नाही?"

"हे पीठ मी बार्शीच्या बाजारातून आणलं."

खाली कुणीतरी ट्यूबवेल चालू केली. पाटातून पाणी गव्हात शिरायला लागलं, आणि दुबेजींनी आमच्याकडे बघून हात वर केला, पाहा म्हणून.

"मग तिथं आता काय उगवतं?" ताईनं विचारलं.

"ऊस."

"ते नाही विचारलं. उसाच्या खाली."

"लव्हाळा. हराळी."

"लव्हाळ्याचं काय करतात?"

"शिव्या देतात."

तिला हसू आलं, मग गेलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"पाणी चढलं तेव्हापासून. मी दरवर्षी बघायला जाते."

"आणि बोलली नाहीस."

"तू यावंस असं वाटत होतं."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं डबा बंद केला, पदर खोचला आणि पाथरी खुडायला लागली, पान पान, मूळ न उपटता, जसं आम्हाला त्या बायकांनी शिकवलं होतं. मीही तिच्या शेजारी बसले. दुबेजींना वर येऊन आम्हाला काय सापडलं ते कळलं तेव्हा त्यांना फार वाईट वाटलं. एवढ्या लांबून पाहुणे आले आणि त्यांना त्यांच्या रानातलं सगळ्यात भिकार तेवढं आवडलं. त्यांनी भरपाई म्हणून पोतंभर मटार गाडीत टाकले.

रात्रीच्या जेवणात ताईनं पाथरी धुऊन ताटात ठेवली. मीनलनं एक पान चावलं आणि थांबली.

"मम्मी, ये तो कड़वा है."

"कडूच असते."

"तो इसके लिए आप लखनऊ छोड़ रही थीं?"

"भाकरी खा," ताई म्हणाली. 'थीं' हे तिनंही ऐकलं, मीही.

पुढचे दोन दिवस या विषयावर कुणी काही बोललं नाही. भाऊजींनी सकाळी चौकातून निमिष (दुधाचा केशरी फेस, दवात ठेवून केलेला) आणला. तोंडात टाकताच नाहीसा होणारा तो पदार्थ ऊन वर आलं की मिळत नाही. मी इमामबाडे पाहिले. वाटाड्यानं सांगितलेल्या इतिहासातल्या निम्म्या नबाबांचा मला संशय आहे. ताई सगळीकडे बरोबर होती, छान बोलत होती, माझ्यासाठी चिकन भरतकामाच्या साडीचा भाव पाडत होती. घरी फोन वाजला की मात्र भाऊजी आधी तिच्याकडे बघायचे, आणि ती म्हणायची, "सांगा, विचार चाललाय."

निघायच्या दिवशी चारबागला गाडी लागलेली होती. भाऊजी पाण्याची बाटली आणायला गेले. ताई माझ्या खिडकीशी उभी राहिली, गजांना धरून.

"घर नाही विकत," ती म्हणाली.

"माझ्यावर रागावून?"

"हट. तुझ्यावर रागवायला मला काही रान लागत नाही." तिनं शाल सारखी केली. "आले असते तरी चाललं असतं. तू होतीस, अण्णा होता. पण मी रोज सकाळी दार उघडलं असतं, आणि समोर ऊस. इथे मी ओट्याशी उभी राहिले ना, की ते रान मला अजून दिसतं. ज्वारी इथवर, तू पुढच्या ओळीत, मागे वळून बघतेस की मी किती खुडली. तिथून दिसलं नसतं."

गाडी हलली. भाऊजी बाटली घेऊन धावत आले, निवृत्त इंजिनियरला शोभेल इतपतच, आणि बाटली माझ्याऐवजी ताईच्याच हातात राहिली.

झाशीपर्यंत दुतर्फा गहू होता. मी एकदाही ओळींमध्ये पाहिलं नाही.

कुर्डुवाडीला उतरून मी सोलापूरला न जाता आधी गावी गेले. अण्णा उसाच्या कडेला पाटावर उभा होता, पायात गाळ, हातात फावडं.

"काय म्हणली ताई? कधी येतीय?"

"येत नाही."

त्यानं फावड्यानं पाट मोडून पाणी दुसऱ्या सरीत घेतलं. "मी तर खोल्यांसाठी कोपरा सोडला होता," तो म्हणाला. "चल, बघ."

टेकाच्या वरच्या अंगाला, विहिरीच्या बाजूला, त्यानं खरंच ऊस लावला नव्हता. दोन खोल्या आणि पुढे अंगण होईल एवढी जागा. चारी बाजूंच्या उसातलं पाणी तिथे झिरपत होतं आणि सगळ्या कोपऱ्यात लव्हाळा पोटरीइतका वाढला होता, दाट, चकचकीत. अण्णानं तो दोनदा खणून काढला होता, म्हणाला. पुन्हा आला.

मी त्यात उभी राहिले. आम्ही खुरपायला बसायचो ती ओळ कुठून सुरू व्हायची, उतार कुठे लागायचा, ते शोधत होते. ताईच्या ओट्यावर बोटानं काढून दाखव म्हटलं असतं तर आठवडाभरापूर्वी मी ते न चुकता काढलं असतं. आता डोळे मिटले तरी ऊसच येत होता. अण्णा म्हणाला, "काय बघतीस?" मी म्हटलं, काही नाही. ते रान बघायचं तर मला पुन्हा लखनौला जायला हवं होतं.